बांधावरचं अधिवेशन

एका जंगलात, बाळांनो, एक पक्ष होता.

तुम्ही म्हणाल, जंगलाच्या गोष्टीत आधी सिंह यायला हवा. बरोबर आहे तुमचं. पण या जंगलातला सिंह फार पूर्वीच राज्य सोडून सल्लागार मंडळावर गेला होता. म्हणजे झोपून असायचा. आपण त्याला उठवायला नको.

पक्षाचं नाव होतं ‘वाहता ओढा पक्ष’. ओढा सगळ्यांचा आहे, पाणी सगळ्यांचं आहे आणि ते वाहतं राहिलं पाहिजे, असं पक्षाचं म्हणणं होतं. एका सपाट दगडावर ते कोरूनही ठेवलं होतं.

पक्षाचे अध्यक्ष होते तात्यासाहेब गवा. त्यांना डुंबायला आवडायचं. आता वाहत्या पाण्यात डुंबायचं कसं? ते अंगावरून निघून जातं. म्हणून तीन वर्षांपूर्वी पक्षाने ओढ्यावर मातीचा बांध घातला होता. तात्पुरता.

तात्पुरता म्हणजे काय, ते तुम्हाला मोठेपणी कळेल.

बांधाच्या वर छान डोह झाला. बांधाच्या खाली ओढ्याचं कोरडं पात्र उरलं. आणि त्याच्याही खाली, दोन वळणं सोडून, होतं खालचं रान. तिथे बेडूक, खेकडे, पाणकोंबड्या अशी बारकी मंडळी राहायची. बांधातून पाझरेल तेवढं पाणी त्यांचं.

त्या खालच्या रानातला एक साळिंदर शिकायला दूर गेला होता. सात डोंगरांपलीकडे, जिथे वडाच्या पारावर बसून घुबडं शिकवतात. त्याचं नाव मृदुल. अंगावर काटे यायच्या आधी आईने ठेवलेलं. चार वर्षं तो तिकडे लोकशाही शिकला. सभा कशी भरवावी, ठराव कसा मांडावा, मतं कशी मोजावीत, सगळं शिकला. शिकून तो तिकडेच राहू शकला असता. पण तो परत आला. आपल्या रानासाठी काहीतरी करायचं, असं त्याने ठरवलं होतं.

असं ठरवून परत येणारे थोडे असतात, बाळांनो. त्यांना हसू नये. निदान तोंडावर तरी.

मृदुल बोलताना भारावून जायचा. भारावला की त्याचे काटे उभे राहायचे. त्यामुळे त्याचे विचार लोक जरा लांबूनच ऐकायचे.

आल्या दिवशीच भागामावशीने त्याला डबक्यावर नेलं. भागामावशी म्हणजे खालच्या रानातली सगळ्यात म्हातारी बेडकी. डबकं आता एका परातीएवढं उरलं होतं. त्यात काळी काळी पिल्लं वळवळत होती. नुसती डोकी आणि शेपट्या.

“किती आहेत, मावशी?” मृदुलने विचारलं.

“मोजायला थांबतायत कुठे मेली! शंभर धर.” मावशीने चिखलात खोचलेली एक काडी दाखवली. “काल पाणी इथवर होतं. आज बघ. आठ दिवस टिकेल, फार तर नऊ.”

“आणि यांना पाय कधी फुटणार?”

“पंधरा दिवसांनी. पाय फुटले की जातील कुठेही उड्या मारत. पण तोवर पाणी पाहिजे.”

पंधरातून आठ गेले किती, हे गणित मृदुलला यायचं. त्याचे काटे सरसरून उभे राहिले.

“मावशी, आठवड्याने पक्षाचं अधिवेशन आहे. मी स्वयंसेवक होतो. बांध उघडायचा ठराव मांडतो. पक्षाचं नावच वाहता ओढा आहे! ते नाही कसं म्हणतील?”

मावशीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. बेडकांना पापण्या मिटायची घाई नसते.

“जा बाबा,” ती म्हणाली. “शिकलेला आहेस. जेवून जा.”

पक्षाचं कार्यालय एका वारुळामागे होतं. तिथे सरचिटणीस बसायचे. त्यांचं नाव बापू तरस. बापू प्रत्येक वाक्यानंतर हसायचे. त्यात आनंदाचा काही संबंध नव्हता. घराण्याची रीत होती.

“स्वयंसेवक? अरे वा! हॅ हॅ हॅ. आपल्याला पाहिजेतच. हा घे बिल्ला.” त्यांनी त्याला एक हिरवं पान दिलं. “काय काय येतं तुला?”

“मला लिहिता येतं. इतिवृत्त ठेवता येतं. आणि, बापूसाहेब, मला एक ठराव मांडायचा आहे.”

“मांड की! अधिवेशनाला ठराव लागतातच. पहिला तात्यासाहेबांच्या अभिनंदनाचा. दुसरा दिवंगतांना श्रद्धांजलीचा. तिसरा, श्रद्धांजली वाहिल्याबद्दल तात्यासाहेबांच्या अभिनंदनाचा. तुझा चौथा धरू. विषय काय?”

“बांध उघडण्याचा.”

बापूंचं हसू क्षणभर थांबलं. मग ते दुप्पट हसले.

“घालतो. यादीत घालतो. मतदान वगैरे होईल रीतसर. मंचावर बसलेल्यांना मत नसतं बरं का आपल्याकडे. पुढारी तटस्थ दिसले पाहिजेत. मत फक्त समोर बसलेल्यांना. समसमान पडली तर मात्र तात्यासाहेब ठरवतात.”

मृदुलला आपल्या कानांवर विश्वास बसेना. मत फक्त समोरच्यांना! म्हणजे खरी सत्ता सामान्यांच्या हातात. सात डोंगरांपलीकडेही असं नव्हतं.

“आणि मंच कुठे घालायचा?” त्याने विचारलं.

“बांधावर. उंच जागा तीच. शिवाय तात्यासाहेबांना डोहातून उठून लांब चालवत नाही. लोक बसतील समोर, कोरड्या पात्रात.”

हेही मृदुलला पटलं. कोरड्या पात्रात बसल्यावर कोरडं पात्र दिसणारच!

पुढचे सात दिवस तो बिळाबिळात फिरला. सभासद होते चाळीस. ससे, भेकरं, वानरं, मोर, थोडे उंदीर. त्याने प्रत्येकाला डबक्याची गोष्ट सांगितली. काहींना दोनदा. उंदरांना डोळ्यांत पाणी आलं. सशांचा म्होरक्या गोमाजी तर छातीवर पंजा ठेवून म्हणाला, “मृदुलभाऊ, एक हात काय, दोन्ही कान वर करतो! पोराबाळांचा प्रश्न आहे.”

अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मृदुलने हिशेब केला. चाळीसातले एकतीस आपले. ठराव पास.

खाली डबकं तेव्हा एका वाटीएवढं झालं होतं.

अधिवेशन सकाळी नऊला होतं, म्हणून साडेअकराला सुरू झालं. दीपप्रज्वलन काजव्यांच्या हस्ते झालं. भर उन्हात काजवे कोणाला दिसले नाहीत, पण टाळ्या पडल्या. मंचावर तात्यासाहेब मधोमध बसले होते. त्यांच्या उजव्या बाजूला सांबर, डाव्या बाजूला अस्वल. सूत्रसंचालन रानकोंबड्याकडे होतं. त्याने तुरा सारखा केला, मान उंचावली आणि सुरुवात केली.

“व्यासपीठावर विराजमान, ओढ्याचे भाग्यविधाते, डोहाचे शिल्पकार, माननीय तात्यासाहेब! त्यांच्या शेजारी विराजमान, दहा टोकांच्या शिंगांचे धनी, माननीय सांबरराव! मधाचे जाणकार, माननीय अस्वलबुवा! समोर उपस्थित सर्व बंधू आणि भगिनी!”

इथे तो थांबला आणि इथेच घोटाळा झाला.

पहिल्या रांगेत रानडुक्कर बसले होते. ते एके काळी उपाध्यक्ष होते. त्यांचं नाव राहिलं. ते काही बोलले नाहीत. नुसते उठले, सभेकडे पाठ केली आणि करवंदीच्या जाळीत जाऊन जमीन उकरू लागले.

या पक्षात, बाळांनो, मतभेद चालत. शिव्याही चालत. एकदा तर चावाचावी झाली होती, आणि संध्याकाळी सगळे पुन्हा एकत्र जेवले होते. पण नाव राहिलेलं चालत नसे. ज्याचं नाव राहिलं त्याची समजूत काढायची. समजूत काढली की नाव घ्यायचं. नाव घेतलं की मंचावर बोलवायचं. आणि मंचावर आला की त्याला बसायला दगड द्यायचा. अशी पद्धत होती.

“अरे, डुकरराव गेले!” बापू घाबरून म्हणाले. “चिठ्ठी लिही, चिठ्ठी! कोंबड्याला दे.”

मृदुलने पानावर नाव लिहिलं. पण मंचापुढे ही गर्दी. हातात चिठ्ठी धरून तो चार पायांवर धावणार कसा? बापूंनी झटक्यात ती चिठ्ठी त्याच्या पाठीवरच्या काट्यात खुपसली.

“अरे वा!” ते म्हणाले. “तू तर चालताबोलता सूचनाफलक आहेस! हॅ हॅ हॅ.”

कोंबड्याने चिठ्ठी उपसली, नाव घेतलं, डुकरराव मंचावर आले. त्यांना पाहून कोल्ह्याला वाटलं, हे आले तर मी का नाही? कोल्ह्याची चिठ्ठी आली. कोल्ह्याला पाहून रानमांजराची आली. रानमांजरामागून नीलगाईची. प्रत्येक चिठ्ठी मृदुलच्या पाठीत टोचली जात होती, आणि तो पात्रातून मंचाकडे, मंचाकडून पात्राकडे धावत होता. त्याला राग नव्हता. लोकशाहीत श्रम पडतातच.

दुपार कलली. मंचावर पंधरा थोर झाले. स्वागत चालूच होतं.

मृदुलने घाम पुसला आणि वर पाहिलं. मंचावर सगळे शिंगवाले, सुळेवाले, जाड कातडीचे. खाली उन्हात बसलेले ससे, उंदीर, भेकरं. त्याच्या मनाला लागलं ते. तो कोंबड्याजवळ गेला.

“गुरुजी, नावं फक्त मोठ्यांचीच का? पहाटेपासून पात्रातले दगड कोणी वेचले? सशांनी. पाचोळा कोणी अंथरला? उंदरांनी. त्यांची नावं घेतलीत तुम्ही? ही समता आहे का?”

“चिठ्ठी द्या,” कोंबडा म्हणाला. “चिठ्ठी आली की मी काहीही वाचतो.”

मृदुलने स्वतःच चिठ्ठी लिहिली. ‘गोमाजी ससा, निष्ठावंत कार्यकर्ते.’

कोंबडा आरवला, “तळागाळातले, निष्ठावंत, माननीय गोमाजी ससा यांनी मंचावर स्थानापन्न व्हावं अशी मी विनंती करतो!”

सभा आधी गप्प झाली. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की वानरं फांदीवरून पडली. गोमाजी लाजत लाजत मंचावर चढला. त्याचे कान थरथरत होते. मृदुलला हुंदका आला. याचसाठी तर तो सात डोंगर ओलांडून आला होता!

बापूंनी त्याच्या पाठीवर थाप मारायला पंजा उचलला आणि वेळीच मागे घेतला. “साळिंदरा,” ते म्हणाले, “तू फार पुढे जाणार.”

मग काय विचारता! गोमाजी माननीय, तर बाकीचे ससे कोण? ससे माननीय, तर भेकरं काय पाप करून बसलीत? चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. मृदुलच्या अंगावर एक काटा मोकळा राहिला नाही. लांबून तो झुडपासारखा दिसू लागला. त्याचा स्वतःचा ठराव, क्रमांक चार, त्याने डाव्या खांद्यावरच्या काट्याला लावला होता. तो सतरा चिठ्ठ्यांच्या खाली गेला.

पाण्याचा आवाज त्याला आला तो याच वेळी. बांधाच्या पायथ्याशी तो थांबला. माती ओली होती. एका जागी बुडबुडे येत होते. वर इतकी जनावरं, खाली नुसती माती!

तो धावत बापूंकडे गेला. “बापूसाहेब, बांध खचतोय! सगळ्यांना खाली उतरवा!”

“चिठ्ठी लिही,” बापू म्हणाले. ते स्वतःही तेव्हा मंचाच्या कडेला बसले होते. त्यांचंही नाव राहिलं होतं.

“अहो, चिठ्ठीने काय होणार? ओरडून सांगा!”

“अधिवेशन आहे बाबा, बाजार नाही. शिस्त पाहिजे. लिहून दे.”

मृदुलने लिहून दिलं. कोंबड्याने त्याच्या पाठीवरून पान उपसलं, तुरा हलवला आणि खणखणीत आवाजात वाचलं, “आणि आपल्यात उपस्थित असलेले, माननीय श्री. बांध खचतोय, यांनीही मंचावर स्थानापन्न व्हावं!”

टाळ्या पडल्या.

“हे कुठले हो?” अस्वलबुवांनी विचारलं.

“खालच्या रानातले असतील,” सांबरराव म्हणाले. “तिकडे अशीच नावं असतात.”

त्यांच्यासाठी एक दगड मोकळा ठेवण्यात आला.

“नाव नाही ते, गुरुजी!” मृदुल खालून ओरडला. “बांध खरोखर खचतोय!”

“स्वयंसेवकांनी शांतता राखावी,” कोंबडा म्हणाला.

ऊन उतरू लागलं तेव्हा कुठे चौथा ठराव आला. चिठ्ठ्या संपल्या होत्या, म्हणून तो सापडला. कोंबड्याने तो वाचला. “ओढ्यावरचा बांध उघडावा, म्हणजे खालच्या रानातील शंभर पिल्लं जगतील. जे बाजूने असतील त्यांनी हात वर करावा!”

मृदुलने सभेकडे वळून पाहिलं.

सभा नव्हती. कोरड्या पात्रात पाचोळा होता, काही पिसं होती, खाऊन टाकलेल्या बोरांच्या बिया होत्या. चाळीसच्या चाळीस सभासद मंचावर होते. जागा पुरत नव्हती म्हणून उंदीर सशांच्या पाठीवर होते आणि मोर तात्यासाहेबांच्या मागे एका पायावर उभे होते.

“गोमाजी!” मृदुल ओरडला. “हात वर करा!”

“इच्छा आहे हो, मृदुलभाऊ,” गोमाजी वरून म्हणाला. “पण मंचावरच्यांना मत नसतं. नियम आहे.”

“मग खाली या! एक उडी तर मारायचीय!”

“खाली?” गोमाजीने इकडे तिकडे पाहिलं. सांबररावांचा खांदा त्याला लागत होता. “आत्ताच तर वर आलोय.”

“पिल्लांचं काय?”

“लक्षात आहे की. इथून फार चांगलं दिसतं तुमचं रान. हिरवंगार वाटतं.”

मृदुलने एकट्याने हात वर केला. दोन्ही केले.

“हिरवा बिल्ला,” कोंबडा म्हणाला. “स्वयंसेवकाला मत नाही. हात खाली घ्यावेत. विरोधात कोण?”

विरोधात कोण असणार? पात्रात एक सरडा होता, तो नुकताच वर गेला होता.

“बाजूने शून्य, विरोधात शून्य. समसमान! अध्यक्षांनी निर्णय द्यावा.”

तात्यासाहेब पाच तासांत पहिल्यांदा उभे राहिले. त्यांनी मृदुलकडे प्रेमाने पाहिलं.

“तरुणांची तळमळ मला समजते,” ते म्हणाले. “मीही एके काळी वासरू होतो. पण मित्रांनो, हा बांध तात्पुरता आहे. आज तो उघडला तर त्याचं तात्पुरतेपण कायमचं जाईल. ते पाप मी करणार नाही. ठराव नामंजूर!”

किती सुंदर बोलले, असं सगळ्यांना वाटलं. मंचावरचे सगळे एकदम उठले. सांबर, अस्वल, डुक्कर, नीलगाय, चाळीस सभासद, सगळे. उठले आणि पाय आपटून आपटून त्यांनी जयजयकार केला.

एकदा केला. दुसऱ्यांदा करायला बांध शिल्लक नव्हता.

काय झालं ते मृदुलला नीट दिसलं नाही. आधी एक मोठा सुस्कारा ऐकू आला, मग तपकिरी भिंत अंगावर आली. साळिंदराचे काटे पोकळ असतात, त्यामुळे तो बुडाला नाही. बुचासारखा वर आला आणि तरंगत निघाला. त्याच्या आजूबाजूला चिठ्ठ्यांची पानं तरंगत होती. माननीय, माननीय, माननीय. मागून पक्ष येत होता, कोणी पालथा, कोणी उताणा. गोमाजी कोल्ह्याच्या शेपटीला धरून होता आणि कोल्ह्याची तक्रार नव्हती.

दोन वळणं घेईपर्यंत पाण्याचा जोर उतरला. खालच्या रानात ते आलं ते पाहुण्यासारखं, दबकत, दगडादगडाला विचारत. भागामावशीच्या डबक्यात शिरलं, काडी बुडवली आणि पलीकडे गेलं. पिल्लं तळाशी एका दगडामागे घट्ट चिकटली होती. थोड्या वेळाने एक शेपटी हलली. मग दुसरी.

मृदुल काठाला लागला तो थेट त्यांच्यापाशी. तो हसत होता की रडत होता, ओल्या साळिंदराचं काही कळत नाही.

कोणी मेलं नव्हतं. मात्र तात्यासाहेब कमरेपर्यंत गाळात रुतले होते आणि भयंकर संतापले होते.

“बापू! उद्याच्या उद्या बांध घाला! दुप्पट उंच! आणि या वेळी दगडी!”

“हो साहेब,” बापू चिखलातून म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

मृदुलने मनात हिशेब केला. आठ दिवस होते ते गेले होते. पाय फुटायला अजून सात हवे होते. उद्या दगडी बांध झाला तर पाझरही बंद, आणि हे पाणी दोन दिवसांत वाहून जाईल.

भागामावशीने हे सगळं ऐकलं. ती टुणकन उडी मारून तात्यासाहेबांच्या नाकासमोरच्या दगडावर जाऊन बसली. तिने दोन्ही हात जोडले.

“तात्यासाहेब, धन्य केलंत हो! आम्ही म्हणायचो, एवढा मोठा माणूस, आपल्यासाठी कशाला येईल? पण आलात! स्वतः पाणी घेऊन आलात! नुसता ठराव करून घरी नाही गेलात.”



मावशीने मागे पाहून इशारा केला. खालच्या रानातले सगळे बेडूक एका सुरात ओरडू लागले, “तात्यासाहेबांचा, विजय असो! बांधफोडे तात्यासाहेबांचा, विजय असो!” बेडूक एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. खेकड्यांनी नांग्या वाजवल्या. पाणकोंबड्यांनी तात्यासाहेबांच्या शिंगांत लव्हाळ्याची माळ घातली.

तात्यासाहेबांच्या कपाळावरची शीर हळूहळू बसली.

“म्हणजे,” ते म्हणाले, “लोकभावना अशी आहे होय?”

“ऐतिहासिक आहे, साहेब!” बापूंना हसू परत सापडलं. “ठराव झाला आणि जागच्या जागी अंमलबजावणी! हॅ हॅ हॅ! असा पक्ष दुसरा दाखवा! फक्त इतिवृत्तात नीट आलं पाहिजे. साळिंदरा, इकडे ये. लिही. ठराव क्रमांक चार, एकमताने मंजूर.”

“मी नाही लिहिणार,” मृदुल म्हणाला.

सगळे गप्प झाले. बेडूकसुद्धा.

“एक मत नाही पडलं,” मृदुल म्हणाला. त्याचे ओले काटे एकेक करून उभे राहू लागले. “तात्यासाहेब नामंजूर म्हणाले. बांध तुमच्या ओझ्याने फुटला. इतिवृत्त म्हणजे जे घडलं ते. मी हेच शिकलोय. मी जे घडलं तेच लिहीन, आणि खालच्या बाजूला माझं नाव लिहीन!”

तात्यासाहेबांची शीर पुन्हा वर येऊ लागली.

“अहो, थकलाय तो,” भागामावशी घाईघाईने म्हणाली. “पोटात अन्न नाही त्याच्या. मी आणते समजावून.” आणि तिने त्याला लव्हाळ्यामागे नेलं.

“मावशी, तूही?” मृदुल म्हणाला. “चार वर्षं मी काय शिकलो मग?”

“चांगलंच शिकलास. आता माझं ऐक. तू खरं लिहिलंस तर आज काय झालं?”

“अपघात.”

“अपघात झाला की पुढे काय करतात?”

मृदुल पाठीत अडकलेलं एक ओलं पान काढू लागला.

“दुरुस्ती करतात,” मावशी म्हणाली. “उद्याच करतात. आणि पराक्रम झाला असेल, तर त्याला कोण हात लावतं? तात्यासाहेब स्वतःचाच पराक्रम बुजवतील होय?”

“पण ते खोटं आहे, मावशी!”

“आहेच की. मी कुठे नाही म्हणते?” तिने डबक्याकडे पाहिलं. तिथे आता डबकं नव्हतंच, वाहता ओढा होता. “मी आयुष्यात एकदाही खोटं बोलले नव्हते बाबा. आज त्या गाळातल्या रेड्याला देव म्हणाले. शंभर आहेत ती. तुला एकट्याला सोवळं राहायचं असेल तर राहा. मी त्यांना सांगेन, दादा फार खरा होता तुमचा.”

 मृदुलने पाठीचा एक काटा ओढून काढला. आपला आपण काटा काढला की दुखतं. चिखलात बुडवला. एक रुंद पान घेतलं.

‘ठराव क्रमांक चार,’ त्याने लिहिलं. ‘ओढ्याचं पाणी खालच्या रानासाठी खुलं करण्यात यावं. ठराव एकमताने मंजूर. माननीय अध्यक्षांनी तो सर्व सहकाऱ्यांसह जागीच अमलात आणला. बांध पुन्हा घालणे हा पक्षद्रोह समजण्यात येईल.’

शेवटचं वाक्य त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मावशीने ते वाचलं आणि त्याच्याकडे निराळ्याच नजरेने पाहिलं.

बापूंनी इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला ते जरा अडखळले, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. तात्यासाहेबांनी चिखलाचा खूर उमटवून सही केली. गोमाजीने सगळ्यांना सांगितलं की आपण दोन्ही कान वर केले होते. त्याला तसं आठवतही होतं.

सगळे गेल्यावर मृदुल ओढ्याकाठी बसला. पाणी वाहत होतं.

“मावशी,” तो म्हणाला, “त्या अख्ख्या पानात एक तरी शब्द खरा आहे का गं?”

मावशीने विचार केला.

“‘पाणी’ लिहिलंयस ना कुठेतरी?”

“हो. पहिल्याच ओळीत.”

“मग तेवढा आहे,” मावशी म्हणाली, आणि पिल्लं मोजायला गेली.

तात्पर्य : थोरामोठ्यांना नेहमी उंचावर बसवावे, सगळ्यांना, एकाच वेळी आणि एकाच बांधावर. इतिवृत्त मात्र खालच्या रानातल्याने लिहावे.